त्रास नसताना करायची तपासणी : मोठ्या आतड्याचा कर्करोग

चांदणवेल (धागाकर्ती)

मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे कोलोनोस्कोपीला, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहण्याच्या तपासणीला, येणारी माणसं बहुतेक वेळा काहीतरी सुरू झाल्यावर येतात. शौचावाटे रक्त जातंय, वजन उतरलंय, हिमोग्लोबिन घसरलंय आणि कारण सापडत नाही. 'त्रास काही नाही, पण वय झालं म्हणून तपासून घ्यायला आलो' असं म्हणणारी फार थोडी. खरा लाभ मात्र त्यांचाच सर्वात मोठा असतो. म्हणून हा धागा. प्रश्न मोकळेपणाने विचारा. शौच, गुदद्वार, मूळव्याध यावर आम्ही दिवसभर बोलत असतो, इथेही संकोच नको.

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिपपासून सुरू होतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेली वाढ. काही देठावर लोंबतात, काही अस्तराला सपाट चिकटून असतात आणि नजरेतून सहज सुटतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवीच राहतात. ज्या थोड्यांचा कर्करोग होतो, त्यांना तिथवर पोचायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. या सगळ्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. पण दुर्बिणीतून पॉलिप दिसतो, आणि दिसला की बहुधा त्याच वेळी तारेच्या फासाने कापून काढता येतो. दुर्बिणीतूनच पॉलिप काढण्याची ही पद्धत हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. त्याआधी पॉलिपसाठीसुद्धा पोट उघडावं लागायचं.

बाकीच्या बऱ्याच कर्करोगांत तपासणीने रोग लवकर सापडतो एवढंच. इथे तो होण्याआधीच रोखता येतो. आणि तरीही २०२२ मध्ये जगभरात या कर्करोगाचे १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसं गेली. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुफ्फुसाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो.

तपासणीचे मुख्य मार्ग दोन. पहिला, शौचाची फिट चाचणी. घरीच काडीने थोडासा नमुना घेऊन बाटलीत घालायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. ही चाचणी फक्त माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन ओळखते, त्यामुळे जुन्या ग्वायॅक चाचणीसारखं आधी काही दिवस पथ्य पाळावं लागत नाही. मात्र ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी करत राहायला हवी, एकदा करून भागत नाही. दुसरा मार्ग कोलोनोस्कोपी. ती स्वच्छ निघाली आणि जोखीम सर्वसाधारण असेल, तर पुढची दहा वर्षांनी. यांखेरीज फक्त डाव्या बाजूचं आतडं पाहणारी सिग्मॉइडोस्कोपी आहे, सीटी स्कॅनने आतडं पाहण्याची पद्धत आहे, शौचातला डीएनए तपासणारी चाचणी आहे.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. ७५ वर्षांपर्यंत नियमित, त्यापुढे ८५ पर्यंत प्रकृती पाहून ठरवायचं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांनी फिट, जपानमध्ये चाळिशीपासून दर वर्षी.

तिसरा_प्रहर

ताई, धाग्याबद्दल आभार. माझं वय ५२. पोट रोज साफ होतं, रक्त कधी पाहिलं नाही, घराण्यात कुणाला कर्करोग नाही. व्यायाम नियमित. एवढं सगळं ठीक असताना उगाच खोदून काढायचं का, असं मनात येतं.

चांदणवेल

प्रश्न रास्त आहे, आणि जवळपास प्रत्येकाचा तोच असतो. हा कर्करोग झालेल्या बहुतेकांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच झालेला नसतो. घराण्यात असेल तर जोखीम वाढते, नसेल तर ती शून्य होत नाही. पॉलिप दुखत नाही, त्याने पोटही बिघडत नाही. म्हणजे 'मला काही होत नाही' यावरून आत पॉलिप आहे की नाही हे कळायला मार्गच नाही. तुम्ही लगेच दुर्बिणीकडे वळा असं मी म्हणत नाही. फिटपासून सुरुवात करा.

अबोली

मी ३४ वर्षांची आहे. गेले काही महिने अधूनमधून शौचाच्या वेळी लाल रक्त दिसतं. सगळे म्हणतात मूळव्याध असेल. मलम आणून लावतेय. तुमचं वाचून वाटलं, आपणही फिट चाचणी करून घ्यावी. ती निगेटिव्ह आली तर निश्चिंत राहता येईल ना?

चांदणवेल

अबोली, नाही. या धाग्यातलं एवढं एक नक्की लक्षात ठेव.

तपासणी ज्याला त्रास नाही त्याच्यासाठी. ज्याला त्रास आहे त्याला निदान हवं. रक्त दिसत असताना स्वतःच फिट करायची आणि निगेटिव्ह आली की गप्प बसायचं, हे धोक्याचं आहे. इंग्लंडमध्ये लक्षणं असलेल्यांनाही डॉक्टर फिट करायला सांगतात हे खरं. पण तिथे डॉक्टर स्वतः तपासतात, रक्ताचे अहवाल पाहतात, आणि कुणाला किती लवकर पुढे पाठवायचं हे ठरवायला ती वापरतात. मनाची समजूत घालायला नव्हे.

तुझ्या वयात मूळव्याध किंवा गुदद्वाराला चीर, हीच शक्यता सर्वात जास्त. पण ती शक्यता कुणीतरी प्रत्यक्ष पाहून पक्की करायला हवी. डॉक्टर बोटाने तपासतील, प्रॉक्टोस्कोप, म्हणजे एक छोटी नळी, घालून आत पाहतील. काही मिनिटांचं काम आहे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची चाचणी) करून घे. शौचाची सवय बदलली आहे का, रक्त शौचात मिसळलेलं असतं की वरून लागतं, पोट दुखतं का, वजन कमी झालं का, हे त्यांना नीट सांग. मूळव्याध निघाली आणि उपचार करूनही रक्त थांबलं नाही, तर पुन्हा जा आणि कोलोनोस्कोपी हवी का हे स्पष्ट विचार. मूळव्याध आणि पॉलिप दोन्ही एकाच माणसाला असू शकतात.

पन्नाशीच्या आतल्या माणसांत हा कर्करोग अनेक देशांत वाढतोय. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१७ मध्ये दाखवून दिलं गेलं, की १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात आतड्याच्या कर्करोगाची जोखीम दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाची चौपट आहे. तरुण माणसाच्या मनात कर्करोग येत नाही, डॉक्टरांच्याही पटकन येत नाही, आणि निदानाला उशीर होतो. चॅडविक बोसमन हा अभिनेता २०२० मध्ये ४३ व्या वर्षी याच कर्करोगाने गेला. निदान झालं २०१६ मध्ये, तेव्हाच तो तिसऱ्या टप्प्यावर होता.

तुला घाबरवायला हे लिहीत नाहीये. या आठवड्यात वेळ घे, एवढंच.

अबोली

घेते. परवाची वेळ मिळतेय.

सरळरेघ

माहिती चांगली आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. २०२२ मध्ये नॉर्डआयसीसी नावाचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या गटात दहा वर्षांत कर्करोगाचं प्रमाण फक्त १८ टक्क्यांनी कमी झालं आणि मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. मग निरोगी माणसांना एवढ्या सगळ्यातून जायला का लावायचं? आतड्याला छिद्र पडण्याचा धोका आहे तो वेगळाच.

चांदणवेल

हे तुम्ही मांडलंत ते बरं झालं. त्या प्रयोगाचे आकडे बरोबर आहेत, फक्त ते कोणाचे आहेत हे पाहायला हवं. बोलावणं गेलेल्यांपैकी कोलोनोस्कोपीला प्रत्यक्ष आले सुमारे ४२ टक्के. १८ टक्क्यांची घट ही बोलावलेल्या सगळ्यांची आहे, न आलेले निम्म्याहून जास्त लोक त्यात धरलेले आहेत. बोलावलेले सगळे आले असते तर काय झालं असतं, याचा संशोधकांनी केलेला अंदाज सुमारे ३१ टक्के घटीचा आहे आणि मृत्यूंमध्ये जवळजवळ निम्म्याने. दुसरं म्हणजे काळ. पॉलिपचा कर्करोग व्हायलाच दहा वर्षं लागत असतील, तर आज काढलेल्या पॉलिपचा फायदा दहा वर्षांच्या आत पुरता कसा दिसणार?

ब्रिटनमध्ये ५५ ते ६४ वयाच्या लोकांना एकदाच सिग्मॉइडोस्कोपीला बोलावून पाहिलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ज्यांनी ती प्रत्यक्ष करून घेतली त्यांच्यात कर्करोग एक तृतीयांशाने कमी आणि त्याने होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी. आयुष्यात एकदाच, अर्धंच आतडं पाहून.

धोक्याबद्दल. छिद्र पडणं हे दहा हजार कोलोनोस्कोपींमागे तिनेक वेळा, मोठा रक्तस्राव दहा हजारांत पंधराच्या आसपास, तोही बहुधा पॉलिप काढल्यानंतर. वय आणि इतर आजार वाढतात तसा धोका वाढतो, म्हणूनच पंचाहत्तरीनंतर सरसकट करा असं कुणी म्हणत नाही. धोका आहे हे सांगितल्याशिवाय कुणाची सही घेऊ नये, या मताची मी आहे.

निळावंती_२

सरळरेघ यांच्या मुद्द्याला जोडून. स्पेनमधल्या कोलोनप्रेव्ह प्रयोगाचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. एका गटाला एकदाच कोलोनोस्कोपीसाठी बोलावलं, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिटसाठी. दहा वर्षांनी या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखं होतं. फिटला प्रतिसाद जास्त लोकांनी दिला होता. ज्यांना दुर्बिणीची धास्ती वाटते त्यांनी काहीच न करण्यापेक्षा फिट करावी, असं मला यावरून वाटतं.

चांदणवेल

पूर्ण सहमत. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने तर लोकांच्या घरी टपालाने फिट पाठवायला सुरुवात केली. २००० मध्ये तिथल्या पात्र सभासदांपैकी सुमारे ३९ टक्क्यांची तपासणी झालेली असायची, २०१५ पर्यंत ८३ टक्क्यांची. त्याच काळात या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर आले.

काठावरून

एक शंका. माझी फिट पॉझिटिव्ह आली. मन मानेना म्हणून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा केली, ती निगेटिव्ह. म्हणजे पहिली चुकली असं समजू का? मधे थोडा मूळव्याधीचा त्रास होता, त्याचंच रक्त आलं असेल.

चांदणवेल

तसं समजू नका, कृपया. पॉलिप आणि गाठी रोज रक्त गाळत नाहीत. आज रक्त आहे, उद्या नाही. म्हणून दुसरी निगेटिव्ह आल्याने पहिली खोटी ठरत नाही. फिट एकदा पॉझिटिव्ह आली की पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, पुन्हा फिट नाही. मूळव्याध असली तरीही.

आणि धीर धरा. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांना कर्करोग निघत नाही. बऱ्याच जणांना पॉलिप निघतात, ते तिथेच काढले जातात आणि माणूस घरी जातो. फक्त टाळत राहू नका. काही आठवडे इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही, पण दहा महिन्यांपलीकडे उशीर झालेल्यांत कर्करोग निघण्याचं आणि तो पुढच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

रानवाट

मी कोलोनोस्कोपी करून घेतली आहे, म्हणून लिहितो. मला खरी भीती तपासणीची नव्हतीच, लाजेची होती. प्रत्यक्षात अंगावर चादर असते, मागून उघडा असलेला गाऊन असतो, झोपेचं इंजेक्शन देतात आणि पुढचं आठवतही नाही. जड गेली ती आदली रात्र. पोट साफ करायचं औषध चवीला खारट आणि प्यायला भरपूर. पण सकाळी सगळं संपलं होतं.

केटी कुरिक या अमेरिकन वृत्तनिवेदिकेचा नवरा १९९८ मध्ये या कर्करोगाने ४२ व्या वर्षी गेला. २००० मध्ये तिने स्वतःची कोलोनोस्कोपी दूरचित्रवाणीवर लोकांना दाखवली, आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिथे कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं अभ्यासात दिसलं. मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं. आपण निदान बंद खोलीत तरी जावं.

चांदणवेल

रानवाट, मनापासून आभार. आमच्या सांगण्यापेक्षा तुमच्या चार ओळी जास्त कामाच्या आहेत.

पोट साफ करण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळी तपासणी त्यावर उभी आहे. औषध दोन भागांत घ्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. सगळं एकदम रात्री संपवलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूच्या आतड्यात पुन्हा चिकट थर जमतो. सपाट पॉलिप असतात ते नेमके त्याच बाजूला जास्त. पहाटे उठायचा कंटाळा करू नका. शेवटी फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी पडायला लागलं म्हणजे आतडं तयार. आदल्या दिवशी चोथा आणि बिया असलेलं काही नको. लाल, जांभळ्या रंगाची पेयं नकोत, आत ती रक्तासारखी दिसतात. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. मधुमेहाची औषधं, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं यांचं स्वतःच्या मनाने काही करू नका, आधी विचारा. हृदयात स्टेंट असेल तर नक्कीच विचारा. गार करून, नळीने, थोडं थोडं प्यायलं तर औषध उतरतं. भुलीचा अंमल राहतो म्हणून त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवं.

शेवंतीचा_वाफा

ताई, माझ्या मोठ्या भावाला ४४ व्या वर्षी हा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो चालू आहे. मी ३७ ची. त्याच्या धावपळीत माझं काही करायचं सुचतच नाहीये. मी ४५ पर्यंत थांबू शकते ना?

चांदणवेल

भावाला लवकर बरं वाटो. पण तू थांबू नकोस. आईवडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला साठीच्या आत हा कर्करोग झाला असेल, तर आपली तपासणी ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे अगोदर येईल तेव्हा सुरू करतात. तुझ्या बाबतीत ते वय ३४ येतं, म्हणजे उलटून गेलं आहे. इथे फिट नव्हे, कोलोनोस्कोपी, आणि स्वच्छ निघाली तरी पाच वर्षांनी पुन्हा.

आणखी एक काम. भावाच्या डॉक्टरांना विचार, की गाठीची मिसमॅच रिपेअर प्रथिनांसाठी (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) किंवा एमएसआयसाठी (ती दुरुस्ती बिघडल्याची खूण) तपासणी झाली आहे का. त्यावरून लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या आणि कर्करोगाची जोखीम वाढवणाऱ्या जनुकदोषाची, शंका येते किंवा मिटते. या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत तिघांच्या आसपास लिंचमुळे असतात. त्यात आतड्याइतकीच गर्भाशयाच्या कर्करोगाचीही जोखीम असते, म्हणून बहिणींनी हे जास्तच लक्षात ठेवायचं. लिंच निघाला तर विशीच्या पहिल्या काही वर्षांपासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात.

१८९५ मध्ये अमेरिकेत अल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली होती, की आमच्या घरात सगळे कर्करोगाने जातात, मीही तशीच जाईन. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची नोंद करून १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि पुढे हेन्री लिंच यांनी तो धागा उचलला. त्या बाईजवळ फक्त भीती होती. तुझ्याजवळ भावाचा अहवाल आहे आणि पुढे काय करायचं ते ठाऊक आहे. पुढच्या केमोच्या दिवशी तिथेच विचारून घे.

शेवंतीचा_वाफा

विचारते. धाकट्या बहिणीलाही हा धागा पाठवलाय.

मातीचा_वास

आहाराबद्दल कुणीच लिहिलं नाही. आतडी धुऊन काढण्याचे उपाय, डिटॉक्स वगैरेंनी पॉलिप टळतात का? आणि ॲस्पिरिन रोज घ्यावी असं कुठेतरी वाचलं होतं.

निळावंती_२

डिटॉक्सने पॉलिप टळतात याला पुरावा नाही. पुरावा आहे तो साध्या गोष्टींचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे. दारू, तंबाखू, पोटावरची चरबी आणि बसून राहणं यांनी जोखीम वाढते. अख्खी धान्यं, चोथा, दुधातलं कॅल्शियम आणि हालचाल यांनी कमी होते.

चांदणवेल

ॲस्पिरिनबद्दल मी लिहिते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या त्याच कार्यदलाने पन्नाशीतल्या काही लोकांना कमी मात्रेची ॲस्पिरिन सुचवली होती. २०२२ मध्ये ती शिफारस मागे घेतली, कारण फायद्याचा पुरावा कमकुवत ठरला आणि रक्तस्रावाचा धोका खरा आहे. लिंच असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ॲस्पिरिनचा उपयोग प्रयोगात दिसला आहे. पण तीही डॉक्टरांनी ठरवायची.

व्यायामाचं मात्र ठासून सांगते. २०२५ मध्ये चॅलेंज नावाच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनी त्यांच्यातले सुमारे ९० टक्के हयात होते, नुसती आरोग्यपुस्तिका दिलेल्या गटातले ८३ टक्के. शेवंती, भावाच्या डॉक्टरांशी यावरही बोल.

तरीही चांगला आहार म्हणजे तपासणीला सुट्टी नव्हे. अगदी नेमाने राहणाऱ्यांचे पॉलिपही काढलेले पाहिलेत.

तिसरा_प्रहर

रक्ताची चाचणी आली आहे म्हणतात. ती केली तर शौचाचा नमुनाही नको आणि दुर्बीणही नको?

चांदणवेल

अमेरिकेत २०२४ मध्ये अशा एका चाचणीला मान्यता मिळाली. झालेला कर्करोग ती १०० पैकी ८३ वेळा पकडते. पण कर्करोगाच्या वाटेवर असलेले मोठे पॉलिप १०० पैकी फक्त १३ वेळा. म्हणजे रोग होण्याआधी थांबवण्याचा जो फायदा मी सुरुवातीला लिहिला, तो तिच्यात जवळजवळ हातचा जातो. दुसरं काहीच करायला तयार नसलेल्या माणसासाठी ठीक. तुम्ही फिट करा. आणि रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी पुढे दुर्बीण आहेच.

अबोली

जाऊन आले. डॉक्टरांनी तपासलं, आतून मूळव्याध आहे. पण फेरिटिन बरंच कमी आलं, म्हणून त्यांनी कोलोनोस्कोपीही करायला सांगितली. पुढच्या आठवड्यात आहे. अहवाल हातात आला की काय पाहायचं?

चांदणवेल

शाब्बास. अहवालात तीन गोष्टी बघ. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का. आतड्याची स्वच्छता कशी होती. 'असमाधानकारक' लिहिलं असेल तर ती तपासणी पूर्ण धरू नकोस, पुन्हा कधी करायची ते विचार. पॉलिप निघाले असतील तर किती, केवढे, सगळे पूर्ण निघाले का.

पॉलिपचा बायोप्सी अहवाल नंतर येतो, तो आणायला विसरू नकोस. पुढची तारीख त्यावरच ठरते. ज्या प्रकारच्या पॉलिपचा पुढे कर्करोग होऊ शकतो, त्याला ॲडेनोमा म्हणतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान एखाददुसरा साधा अ‍ॅडेनोमा असेल तर अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे सात ते दहा वर्षं, एक सेंटिमीटर किंवा मोठा असेल किंवा पेशींत जास्त बदल असतील तर तीन वर्षं. आणि तसा मोठा पॉलिप निघाला तर भावंडांना कळव, कारण त्यांच्या तपासणीचं वयही त्याने अलीकडे येतं. काहीच निघालं नाही तरी फेरिटिन का कमी आहे हा प्रश्न उरतोच. पाळीत रक्त जास्त जातं का, हे डॉक्टरांना सांगितलं आहेस ना?